चीजचा ब्रेक

डोंगरावरच्या झोपडीत खाणं वाढणाऱ्या मिंकाने मक्याच्या घाट्यावर आंबट दूध ओतलं आणि विचारलं, "एकटाच काय खुदुखुदू हसतोयस रे, विंको?"

"काही नाही. दाजींना आज जरा वास येणार आहे."

दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचा, दारिंकाचा नवरा गाश्पर. अख्ख्या खोऱ्याला एकचाकी सायकलवरून डोंगर उतरायला शिकवलेला माणूस. विंकोलाही त्यानेच शिकवलेलं. मंगळवारी गाश्परच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरने सांगून टाकलेलं, त्यानंतर चाक विसरा. म्हणजे आजची उतरण शेवटची. शेवटच्या उतरणीला काहीतरी आठवण हवी ना? म्हणून विंकोने सकाळीच, दाजी दाढी करत असताना, त्यांच्या ब्रेकची दोन्ही रबरं काढली आणि तिथे त्रनिच कोरून बसवलं.

त्रनिच म्हणजे इथल्या गुराख्यांचं चीज. वाळलं की लाकडासारखं टणक. ते जोडीनेच करतात. एक गुराख्याने ठेवायचं, दुसरं मनातल्या बाईला द्यायचं. तिने घेतलं की जमलं म्हणायचं. विंकोने अंगणात ब्रेक दाबून पाहिला, चाक झकास धरलं. ठरल्याप्रमाणे दोघं कुरणातल्या सपाटशा गाडीवाटेने उतरणार होते. तिथे चीज तापणार, वितळणार, दाजी नाक मुरडून म्हणणार, मेव्हण्या, मोजे कधी धुतले होतेस? तिथे पडले असते तरी गवतात पडले असते.

"वास कसला घेतोय तो," मिंका म्हणाली. "तो गेला की मघाशीच. म्हणाला, त्या विदूषकाला खाऊ दे, मी पायऱ्यांवरून उतरतो. एकदा शेवटचं. फोनसुद्धा इथेच टाकून गेलाय बघ."

विंकोचा चमचा तोंडापाशीच राहिला.

सैतानाच्या पायऱ्या. खडकात खोदलेल्या साठएक, ओल्या, वेड्यावाकड्या. उजवीकडे कड्यात ठोकलेली लोखंडी तार, डावीकडे काहीच नाही. खाली नदी. तिथे माणूस ब्रेकवर जगतो.

"कधी गेले?"

"तू पहिली वाटी संपवलीस तेव्हा. अरे, घाटा?"

घाटा राहिला तिथेच. पायी धावला असता तर दुसऱ्या वळणावर त्याच्या छातीचा भाता फुटला असता, बावन्न वर्षांचं पोट घेऊन. त्याने एकचाकी उचलली आणि वाट सोडून थेट कुरणात घातली, गाईंच्या मधून. दाजींचा पहिला धडा, उताराआधी सीट खाली घे. विसरला. सीट पोटात घुसायला लागली.

एकचाकीला उतारावर सोडून देता येत नाही, हीच तिची खोड. पॅडल चाकालाच जोडलेलं. चाक जितकं फिरेल तितके पाय फिरणार. म्हणून सीटखालचा ब्रेक एका बोटाने धरायचा आणि धरलेल्या ब्रेकविरुद्ध पायांनी चाक पुढे रेटायचं, अडेल गाढवाला रेटावं तसं. विंकोने आज बोट काढूनच घेतलं. पाय शिलाईमशीनसारखे चालायला लागले. पहिल्या बांधावर तो उडाला, पुढे पडला, चार पावलं धावत सावरला. दुसऱ्यांदा शेणात. तिसऱ्यांदा कोपर सोललं. दरवेळी उठला आणि चढला. देवा, दाजींना शिंक येऊ दे. चाक पंक्चर होऊ दे. गुडघा आत्ताच जाऊ दे.

बीच झाडांच्या जंगलात शिरल्यावर दोन वळणं खाली लाल हेल्मेट दिसलं. गाश्पर नुसत्या पायांनी चाक आवरत उतरत होता, आरामात, एक हात पंखासारखा पसरून. वरच्या वाटेवर तो ब्रेकला हातच लावत नसे. पायऱ्यांसाठी राखून ठेवायचा.

"दाजी, थांबा. ब्रेकमध्ये चीज आहे," दोन्ही वळणं कापून त्याच्या मागे येताच विंको ओरडला.

"आणि माझ्या हेल्मेटात सूप," गाश्पर मागे न बघता म्हणाला.

"आईशप्पथ. रबरं माझ्या खिशात आहेत."

"गेल्या वर्षी मागे अस्वल होतं. त्यालाही आईशप्पथ होती."

पुढे झऱ्यापाशी चिखल होता, मऊ, गुडघाभर. त्याच्यापुढे दहा पावलांवर पायऱ्या. पाडायचं तर तिथेच. आणि एकचाकीवर हसता येत नाही, हसलं की तोल गेला, हे विंकोला पक्कं ठाऊक. त्याने विनोद सुरू केले. पाद्र्याच्या बकरीचा सांगितला. सासूच्या कवळीचा सांगितला.

"जुना आहे," गाश्पर म्हणाला. "हाही जुना."

चिखल आला. आयुष्यभर लोकांना हसवलेल्या माणसाला एक विनोद आठवेना. त्याच्या घशातून भलताच आवाज निघाला. तो रडत होता, लहान पोरासारखा, नाक गळत. "दाजी, पाया पडतो. मी दारिंकाला काय तोंड दाखवू? पाया पडतो हो."

गाश्परच्या खांद्यांना हिसका बसला. असलं नाटक त्याने मेव्हण्याकडून कधी ऐकलं नव्हतं. तो फस्सकन हसला, चाक डगमगलं, आणि तो बसला फतकल मारून चिखलात. चाक मात्र मोकळं सुटलं. पहिल्या पायरीवर टण्ण, दुसरीवर टण्ण, तिसरीवरून डावीकडे वळलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग खालून, नदीतून, बारीकसा आवाज.

"नाटककंपनीत जा तू," गाश्पर हसत होता. "अश्रूसुद्धा? वा."

विंकोचं रडं थांबेना. त्याने खिशातून दोन रबरं काढली आणि त्याच्यापुढे धरली. त्यांच्यासोबत जोडीतलं दुसरं त्रनिचही निघालं.

गाश्परने रबरं पाहिली. पायऱ्या पाहिल्या. हसू हळूहळू उतरलं.

"पहिलं माझ्या चाकात?"

"हो."

"म्हणजे मागणी घातलीस मला."

कोणी हसलं नाही. गाश्परने उठायचा प्रयत्न केला आणि दात आवळून परत बसला. गुडघा भोपळ्यासारखा फुगत होता.

"माझी शेवटची उतरण होती, विंको," तो म्हणाला. एरवी तो मेव्हण्याच म्हणायचा.

विंकोने पाठ वळवली आणि वाकला. "बसा. वर झोपडीपर्यंत नेतो."

"वर नाही. खाली."

"दाजी, तुम्हाला पाठीवर घेऊन या पायऱ्या?"

"मग बुडाने जाऊ. पण उतरणार."

गाश्पर ढुंगणावर सरकत पहिल्या पायरीवर आला, दुखरा पाय पुढे ताठ धरून. विंको त्याच्यामागे बसला. उजव्या हाताने तार धरली, डाव्या हाताने दाजींच्या कमरेचा पट्टा. डावीकडे नदीचा आवाज येत होता.

"पायाकडे बघू नकोस. तीन पायऱ्या पुढे बघ," गाश्पर म्हणाला. "ब्रेक धरलास?"

"धरलाय."

"रबराचाच ना?"

विंकोने पट्ट्याला मुठीत आणखी एक वेढा दिला, आणि दोघं एक पायरी खाली सरकले.