मथुराकाकींनी ठोकलेल्या सळ्या

खेडहून सकाळच्या एसटीने येऊन शमिका डोंगरउतारावर चढली ती हातात पट्टी घेऊनच. जूनमध्ये तिने इथे बारा लोखंडी सळ्या ठोकल्या होत्या. प्रत्येक सळीवर, मातीला टेकून, एक लाल रेघ. पावसात माती धुपली की रेघ वर राहणार. रेघ आणि माती यांच्यातलं अंतर म्हणजे यंदाची धूप. तीन सेंटीमीटरच्या वर भरली, तर वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळपठारावरून, उतरणारं पाणी वळवायला वरच्या अंगाला चर खणला जाणार होता. कमी भरली, तर खणायचं यंत्र दुसऱ्या गावाला. उताराच्या पायथ्याशी घर एकच, मथुराकाकींचं.

पहिल्या सळीची रेघ मातीला टेकलेली. दुसरीचीही. सहाव्या सळीपर्यंत शून्यच. इकडे काजूची मुळं उघडी पडलेली, जागोजागी ओघळी, आणि धूप शून्य?

"मापं बरोबर आली ना गो बाय?" चहा घेऊन वर आलेल्या काकी म्हणाल्या. "एक पण ढिली नाय. दर सोमवारी ठोकत होते, वरवंट्याने."

शमिका खालीच बसली. "कशाला पण, काकी?"

"कशाला म्हणजे? तूच सांगून गेलीस, लक्ष ठेवा, रेघ मातीला असली पायजे. पावसात वईचा खुंट वर आला की आम्ही ठोकतोच. ही तर तुझी सरकारी सळी."

रेघ ठोकताना मातीला हवी, नंतर नाही, हे सांगायचं राहिलं होतं. कुंपणाचा खुंट सैल दिसला तर इथे शेजारीसुद्धा ठोकून जातो, हे तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

"सगळ्या पावसात एकूण किती वर आल्या असतील?"

"तीन बोटं. एखादी चार."

तिने मृदसंधारण कार्यालयातल्या दीपक सरांना फोन लावला. "बोटांवर चर खणता येत नाही, शमिका," सर म्हणाले. "आकडा दे. संध्याकाळी चरांची यादी जाते."

तिने पुन्हा फिरून सळ्या मोजल्या. अकरा.

"बारावी कुठाय, काकी?"

काकी ओशाळल्या. "ती करवंदीत हाय. तिथे कोण हात घालणार? तेवढी एक ऱ्हायली बघ. रागावू नको."

शमिका पालथी पडून जाळीत शिरली. तुलनेसाठी तिनेच ती तिथे ठोकली होती; जूनमध्ये जाळी एवढी दाट नव्हती. दोन्ही हात ओरबाडले, पण पट्टी लागली: चार सेंटीमीटर. तिने परत फोन लावला.

"सर, झुडपाखाली पावसाचा मार कमी, शिवाय मुळं माती धरतात. सगळ्यात कमी धूप इथेच असणार. इथे चार, तर उघड्यावर त्याहून जास्तच."

"फोटो पाठव. किमान चार असं लिही. चर होईल."

"आणि बाकीच्या अकरांचं?"

"लिही, ग्रामस्थांनी अपेक्षेपेक्षा जास्त सहकार्य केलं."

काकींना चराचं कळलं तशा त्या खूश झाल्या. पण चर होईपर्यंत घरात झोपायचं नाही म्हटल्यावर तोंड वाकडं झालं.

"दिराकडे जाऊ? त्याची बायको चहात साखर मोजून टाकते."

"काकी, पाऊस अजून संपला नाही. एका मोठ्या सरीत आख्खा उतार घरावर येईल."

काकींनी मान वर करून काजूच्या उघड्या मुळांकडे बराच वेळ बघितलं.

"जाते," त्या म्हणाल्या. "पण कोंबड्या पण येतील माझ्याबरोबर. त्या लाल कोंबडीला तू धर, ती चोच मारते."