डावीकडची नवी पट्टी

"अगं, ओढतेस काय! करवत चालवल्यासारखा दोरा मागेपुढे कर."

सून दातओठ आवळून गाडीच्या पट्टीमागून दोरा फिरवत होती. तिचं केस वाळवायचं मशीन धरून मी पट्टीमागचा पुढचा डिंक सुटावा म्हणून गरम करत होते. आमच्या पिकअपच्या उजव्या अंगाची प्लॅस्टिकची पट्टी उन्हाने पार पांढरीफटक पडली होती. डावीकडची मात्र काळीकुळकुळीत, कोरी. गाडी शिकताना सुनेने ती बाजू फाटकाच्या खांबाला घासली, तेव्हा आम्ही दोघींनी गुपचूप बदललेली. माझा मुलगा कितीही वेंधळा असला तरी दोन बाजूंचे दोन रंग त्याला दिसणारच! म्हणून आज उजवीही बदलायला घेतली होती.

त्याने मला बजावलंच होतं, "आई, परत कुठे घासलीस तर गाडी विकून टाकणार." याच गाडीतून रोपवाटिकेची रोपं घरोघर पोहोचवून मी याला वाढवला, आणि आता साहेब मला शहाणपण शिकवतात! पण गुडघा मला क्लच दाबू देत नाही, हेही खरं. ते फक्त सुनेला ठाऊक. म्हणून तर तिला शिकवायला घेतलं. माझी गाडी भंगारात जाऊ द्यायची नव्हती मला.

पट्टी निम्मी सुटली आणि मुलगा फाटकात हजर. डबा विसरला होता म्हणे. त्याने ही बाजू पाहिली, ती बाजू पाहिली आणि डाव्या पट्टीखालचा पोचा बोटाने चाचपून शोधलाच.

"घासलीस ना? मी काय म्हटलं होतं?"

"घासली. गाडी माझी, खांबही माझा. तुझ्या का पोटात दुखतंय?"

"किल्ली दे." त्याने हात पुढे केला. माझं डोकं असं सणकलं!

"आईंनी नाही, मी घासली," सून म्हणाली. दोरा अजून तिच्या बोटांना गुंडाळलेला होता. "लायसन्सही काढलंय."

"तू? अगं, तुला साधी सायकल येत नाही!"

"सायकल नाहीच येत. गाडी येते."

"आणि परत घासलीस तर?"

"तर परत पट्टी बदलेन."

मी किल्ली काढली आणि त्याच्या पसरलेल्या हातावरून पुढे नेऊन तिच्या हातात दिली. मागे रोपं भरलेलीच होती, गिऱ्हाईक वाट बघत होतं.

"येऊ शेजारी?" मी विचारलं.

"नको आई. तुम्ही बसा आता."

लागलं मला ते. पण मग शिकवलं कशाला होतं?

लोंबणारी पट्टी तिने हिसका देऊन उपटली, माझ्या हातात दिली आणि गाडीत चढली. डिंकाचे डाग पडलेली उघडी बाजू मिरवत पिकअप मागे येऊ लागली.

"खांब! खांब बघ!" मुलगा ओरडला.

"गप रे! दिसतोय तिला."

गाडी बोटभर अंतर ठेवून खांबाजवळून निघाली, रस्त्यावर वळली आणि गेली. मी फाटक धरून उभीच होते. मुलगा माझ्या पायांकडे बघत होता, म्हणून मीही खाली पाहिलं. माझा उजवा पाय चपलेसकट मातीत रुतला होता. अजून ब्रेक दाबत होता.