चौथी प्रतिवादी

"पहिले तीन प्रतिवादी सरकारी," वकील नागदेव म्हणाले. "चौथा कोई सिलेक्टेड उमेदवार लागेल. तुमचा दावा मान्य झाला तर एकाची जागा जाणार. त्याचं ऐकल्याशिवाय ट्रिब्युनल आपलं ऐकणार नाही. कोणाला घालू?"

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर त्यांचं ऑफिस होतं. खालच्या मशिनींनी टेबलावरचा चहासुद्धा थरथरत होता. मनालीने नर्सभरतीच्या निकालाचा कागद पुढे ओढला. शेवटच्या दोघींना सारखेच मार्क होते. बदलापूरची किर्ती आणि पालेगावची स्वप्नाली भोईर.

"ही दुसरी तुमच्याच आडनावाची. रिश्तेदार है क्या?"

"माझी धाकटी जाऊ."

"मग किर्तीला टाकतो."

"नको," मनाली म्हणाली. "स्वप्नालीला घाला."

नागदेवांनी पेन खाली ठेवलं. "घर में प्रॉब्लेम होईल, मॅडम."

"होऊ दे."

मनाली सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात कंत्राटी नर्स होती. लागली तेव्हा सगळे म्हणाले होते, आज ना उद्या परमनंट होशील. पण भरती काही निघेना. कधी निवडणूक आडवी आली, कधी आरक्षणाचा वाद, मग कोविड. कोविडात किट घालून, घामाने निथळत तिने बाळंतपणं केली. शेवटी जाहिरात आली तेव्हा तिचं वय उलटून गेलं होतं. सायबर कॅफेतल्या माणसाने तिची जन्मतारीख तीनदा टाकून पाहिली. तिन्ही वेळा अपात्र.

दाव्यात तिचं म्हणणं साधं होतं. ज्या वर्षांत तुम्ही भरतीच काढली नाही, ती वर्षं आमच्या वयात का मोजता?

स्वप्नालीला नर्सिंगला घालण्यासाठी घरात तीच भांडली होती. ड्युटीवरून आल्यावर तिचा अभ्यासही तिनेच घेतला होता. निकाल लागला तेव्हा सासू पुतळाबाईंनी आळीभर पेढे वाटले. मनालीचा नवरा कल्पेश आनंदनगरच्या कंपनीत पेढ्यांचा डबा भरून घेऊन गेला. "आमच्या घरात सरकारी नोकरी आली," असं तो फोनवर ज्याला त्याला सांगत होता. त्याच घरातून मनाली इतकी वर्षं सरकारी रुग्णालयात जात होती. ते कुणी कधी फोनवर सांगितलं नव्हतं.

मग तिला स्वप्नालीचं काहीच सहन होईना. ती केस विंचरताना गुणगुणायची, तेही नाही. नोकरीआधीच्या मेडिकल तपासणीला जाण्यासाठी तिने नवीन सँडल आणले. "वहिनी, बघा ना, ड्युटीला चालतील का?" असं तिने विचारलं, तेव्हा मनालीने मान वर न करता "चालतील" म्हटलं आणि कांदा इतका बारीक चिरला की त्याचं पाणी झालं.

नोटीस आली त्या दिवशी मनाली भाकऱ्या थापत होती. स्वप्नालीने ती दारात उभ्याउभ्याच वाचली आणि आत आली.

"वहिनी, किर्ती पण होती ना? मग माझंच नाव कसं?"

वकिलांनी घातलं, असं म्हणता आलं असतं. मनालीने तव्यावरची भाकरी उलटली.

"मी सांगितलं."

"का?"

"किर्तीला मी ओळखत नाही," मनाली म्हणाली. "ती रोज माझ्यासमोर वावरत नाही."

पुतळाबाई ओटीवरून उठून आल्या. "आपल्याच घरान केस केलीस गो?" एवढंच बोलून त्या चुलीकडे बघत राहिल्या. स्वप्नालीने नोटिशीची घडी घातली. त्याच आठवड्यात अल्पेशने, तिच्या नवऱ्याने, वरच्या खोलीत वेगळा गॅस बसवला.

ट्रिब्युनलने निकाल लागेपर्यंत ती एक जागा रिकामी ठेवायला सांगितलं. किर्ती नोकरीवर हजर झाली, बाकीच्याही झाल्या. स्वप्नाली मात्र घरीच. सकाळी मनाली युनिफॉर्म घालून निघायची तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत असायची. मनालीला त्या दिवसांत झोप चांगली लागे. हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिची मुलगी जिज्ञासा वर काकीकडे जेवून यायची आणि काय जेवली ते बोलायची नाही.

पावसाळा सरला, दिवाळी दोन घरांत वेगवेगळी झाली. मग एका दुपारी वॉर्डात नागदेवांचा फोन आला.

"अर्ज फेटाळला, मॅडम. अन्याय वाटतो, असं ते पण बोलले. पण वय ठरवणं सरकारचा अधिकार आहे म्हणतात. हायकोर्टात जायचं?"

"तोवर मी कंत्राटाच्याही वयात राहणार नाही," मनाली म्हणाली. "राहू द्या."

फोन ठेवून ती एका बाळंतिणीचं ब्लडप्रेशर बघायला गेली. आकडा लक्षात राहिला नाही, म्हणून पुन्हा पट्टा बांधावा लागला.

स्वप्नाली हजर झाली आणि तिला प्रसूती विभागच मिळाला. पहिल्या दिवशी दोघी पालेगावातून वेगवेगळ्या रिक्षांनी आल्या. नर्सेसच्या खोलीत परमनंट स्टाफसाठी लोखंडी कपाटं होती. कंत्राटी बायकांच्या पिशव्या दारामागच्या खिळ्यांना असत. मनाली आत आली तेव्हा स्वप्नाली आपल्या नव्या कपाटात सामान लावत होती. पर्स, डबा, रुमाल, सगळं तिने खालच्या कप्प्यात दाटीवाटीने कोंबलं होतं.

"वरचा रिकामा आहे," ती म्हणाली. मागे वळून तिने पाहिलं नाही. "मी कुलूप नाही लावणार."

मनालीने कपाटात पाहिलं. नव्या रंगाचा वास येत होता. कप्प्यात कोरा कागद अंथरलेला होता, कडा नीट दुमडून.

तिने पिशवी खिळ्याला अडकवली, हात धुतले आणि लेबर रूमचं दार ढकललं.