चौथं बटण

भांड्यावर नाव घालायचा आपल्याकडे भारी सोस. जिवंतपणी ज्याला घरात कुणी विचारत नाही, तोही मेल्यावर पातेल्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी अमर होतो. तातेरावांना मात्र त्यांची नात सुमेधा जिवंतपणीही विचारायची. रोज, आणि तेच ते.

"आबा, कोटाचं चौथं बटण कुठं गेलं?"

"कडूबानं नेलं," तातेराव सांगायचे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या पलटणीतला मंठ्याचा कडूबा त्यांच्या मांडीवर गेला. जाताना त्यानं फौजी कोटाचं बटण असं गच्च धरलं, की ते तुटून त्याच्या मुठीतच राहिलं. तातेरावांनी ते सोडवून घेतलं नाही, आणि त्या जागी दुसरं बटणही कधी लावू दिलं नाही. थंडीत तिथून वारा शिरायचा. "शिरू दे," म्हणायचे, "कडूबाची जागा हाय ती."

सुमेधा पोलीस भरतीची तयारी करायला लागली, तेव्हा आबांनी मुलाला, म्हणजे तिच्या वडलांना, समोर बसवून सांगितलं, "अण्णासाहेब, पोरीला वर्दी मिळाली की हा कोट तिचा. ध्यानात ठेव." अण्णासाहेबांनी मान डोलावली. आबा गेले त्या दिवशी पेटीची किल्ली त्यांनीच सांभाळायला घेतली, आणि सुमेधा निर्धास्त झाली. बापावर नाही तर कुणावर विसंबायचं माणसानं?

यंदा तिची निवड झाली. आबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला ती जाफराबादहून जीपनं गावी आली, ती कोट न्यायलाच. बुद्धवंदना झाली, अंगणात पंगत बसली. खिरीचं पातेलं नवंकोरं होतं. काठावर कोरलेलं: 'कालकथित तातेराव यांच्या स्मरणार्थ.' सुमेधाचे डोळे भरून आले. पप्पांना बोलून दाखवता येत नाही, पण त्यांच्या मनात आहे, असं तिला वाटलं. त्याच भरात ती घरात गेली आणि पेटी उघडली. आत डांबराच्या गोळ्या होत्या, दुसरं काही नव्हतं.

ती पंगतीत परत आली. "पप्पा, कोट कुठंय?"

अण्णासाहेबांनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं पळीकडं पाहिलं.

"भांडेवाली आल्ती दिवाळीच्या आधी," अण्णासाहेब म्हणाले. "कसर लागून राह्यली होती त्याला. वाया जाण्यापरीस दिला. त्याच्यावर हे पातेलं आलं बघ. म्हणलं बापाचंच नाव टाकू. चार लोक जेवतील, नाव घेतील."

पोरीनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिला पटलं, असं अण्णासाहेबांना वाटलं. त्यांना हुरूप आला.

"आधी लहान गंजच, चहापुरतं भांडं, देऊन राह्यली होती ती. म्हणे, बटण न्हाई कोटाला. मंग मीच बसून नवं लावलं, बिलकुल तसंच. तवा कुठं हे मोठं पातेलं सोडलं तिनं."

त्यांना ती गोष्ट माहीत नव्हती असं नाही. सुमेधाच्या आधी त्याच मांडीवर बसून, तोच प्रश्न विचारत ते लहानाचे मोठे झाले होते.

आईनं पळी पुढं केली. सुमेधानं वाटीवर हात आडवा धरला.

"आबांनी जन्मभर वारा सोसला, पण ती जागा झाकली न्हाई," ती हळू म्हणाली. "तुम्ही पातेल्यासाठी झाकली."

"अगं, पण नाव तर राह्यलं ना?" अण्णासाहेब खरंच गोंधळले होते.

ती उठून गेली, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पंगतीच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा खीर घेतली, पातेल्याच्या काठावरचं नाव बोटानं वाचलं आणि म्हणाला, "लेक असावा तर असा. बापाची आठवण ठेवली."

अण्णासाहेबांनी हात जोडले.