रिकाम्या घरांचे दिवे

वाघिणीने सहाव्या मजल्यावरच्या रिकाम्या घराचं कुलूप काढलं, हात आत घालून दिव्याचं बटण दाबलं आणि आत न डोकावताच दार ओढून घेतलं. अजून चौथा मजला राहिला होता. बाहेर दिवस मावळत आला होता.

वाघीण हे नाव नवऱ्याने ठेवलेलं, पाल दिसली तरी ती पलंगावर चढून बसते म्हणून. शहर संपतं त्याच्याही पुढे, नुसत्या माळावर उभ्या केलेल्या या इमारतीत त्यांचं एकच बिऱ्हाड होतं. बाकीची घरं भाव वाढायची वाट बघणाऱ्यांनी घेऊन ठेवलेली. त्यांना इथे राहायचं नव्हतं, विकायचं होतं. बस मागायला गेलं की साहेब म्हणत, आधी वस्ती होऊ द्या. घर बघायला येणारे विचारत, आधी बस कुठे आहे? पाण्याच्या नळाचंही तेच रडगाणं. पगार थकला तसा रखवालदारही चाव्यांचा जुडगा तिच्या हाती देऊन चालता झाला. त्यात नवऱ्याची दुसरी पाळी लागली आणि तिची पाचावर धारण बसली. वाऱ्याने जिन्यातलं दार आपटलं तरी ती आपल्या दाराला पलंग लावून बसे. खाली अधूनमधून एक मोटारसायकल येई. दोघे जण वर बघत आणि निघून जात. तेव्हापासून ती रोज वेगवेगळ्या मजल्यांवर दिवे लावू लागली. इमारत भरलेली दिसायला हवी होती.

चौथ्या मजल्यावर दार उघडंच होतं. तिने चाव्यांचा जुडगा पदराआड दडवला.

"कोण आहे?" आतून एका बाईने विचारलं. तो आवाजही घाबरलेलाच होता.

आत खोक्यांच्या पसाऱ्यात एक पोटुशी पोर उभी होती. वाघिणीला बघून तिचा जीव भांड्यात पडला.

"आजच आलो आम्ही. उरलेलं सामान आणायला हे गेलेत. तुम्ही कुठल्या मजल्यावर, ताई?"

"दुसऱ्या."

"मी तर नकोच म्हणत होते. स्वस्त असलं म्हणून आडरानात कोण जाईल? पण एकदा संध्याकाळी रस्त्यावरून बघितलं, किती घरांत दिवे! म्हटलं, माणसं आहेत. मग होतं नव्हतं ते यात घातलं. आता सगळ्यांशी ओळख करून द्या हं."

वाघिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या करून देते, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. निदान आजपुरती तरी सोबत मिळाली असती. पण पोरीचा हात पोटावर होता. वाघिणीने पदराआडचा जुडगा बाहेर काढला.

"कुणी नाही गं इथे. दिवे मीच लावते. भीती वाटते म्हणून."

पोर खोक्यावर बसली.

खाली मोटारसायकल थांबली. दोघी खिडकीशी गेल्या, खालचे दोघे जण वर बघताना दिसले आणि त्या लगेच मागे सरल्या.

पोरीने डोळे पुसले, भिंतीवरचं बटण दाबलं आणि चावीसाठी हात पुढे केला.

"पाचवा मजला मी करते," ती म्हणाली. "तुम्ही जिन्यात उभ्या राहून मोठ्याने हाका मारा. काका म्हणा, भाऊजी म्हणा, कुणालाही हाक मारा."