घरात माणसं किती

मी एक जुना अर्ज आहे. पिवळा, चार घड्यांचा, एका नावावर रेघ मारलेला. शाळेत मुलांना दुपारचं जेवण फुकट किंवा कमी पैशांत मिळावं म्हणून घरातल्या मोठ्या माणसाने जो कागद भरायचा असतो, तो मी. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, कागदाला कसलं आलंय आयुष्य? मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. मला सलग बोलता येत नाही. माझी घडणच रकान्यांची आहे. तेव्हा सांगतो तेही रकान्यांतूनच.

सूचना : भरण्यापूर्वी नीट वाचावे

छापखान्यात पांढरा कागद संपला होता म्हणून आम्हाला पिवळ्यावर छापलं. आम्ही चारशे भावंडं होतो. छापणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नाही, पण पिवळा कागद लांबून ओळखू येतो. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी आम्हाला सगळ्या मुलांच्या हाती दिलं, त्यामुळे घरी नेताना कुणाला लाज वाटली नाही. परत आणताना मात्र कोण आणतं ते सगळा वर्ग बघतो. म्हणून आमच्यातले जे परत आले ते बारीक घड्या होऊन, वहीत लपून आले. बरेचसे आलेच नाहीत. एकाचं विमान झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

विद्यार्थ्याचे नाव

डार्सी कार्व्हर, वय दहा. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी तिचं घर आहे. तिथे ती आणि तिचे आजोबा राहतात. ती त्यांना ग्रँपी म्हणते, गाव त्यांना लिनवुड म्हणतं. लिनवुड ओहोटीला चिखलातून शिंपले खणतो, ऑगस्टमध्ये माळावर दंताळ्याने ब्लूबेरी काढतो, नोव्हेंबरात फर झाडाच्या डहाळ्यांची नाताळची तोरणं बांधतो. उरलेल्या वेळात थंडी असते.

त्याने मला वाचलं आणि इंजिन दुरुस्तीवाल्याकडून फुकट मिळालेल्या चुंबकाखाली फ्रिजवर लावून टाकलं. रोज सकाळी फ्रिजमधून दूध घेताना तो माझ्याकडे बघून "बघू" म्हणायचा. असे एकोणीस दिवस गेले. मागून खायची त्याला सवय नव्हती.

विसाव्या दिवशी संध्याकाळी त्याने डार्सीला विचारलं, "आज शाळेत काय होतं जेवायला?"

"मॅकरोनी."

"कालही मॅकरोनीच होती."

"उरली असेल."

लिनवुडने चमचा खाली ठेवला. "हे बघ, मी शिंपले खणतो. चिखलावर एवढंसं भोक दिसतं, त्यावरून खाली काय आहे ते मला कळतं. खरं सांग."

डार्सीने ताट बाजूला सारलं. "पहिल्या आठवड्याचं तिकीट संपलं. तिकीट नसलं की गार चीज सँडविच देतात, वेगळ्या ट्रेवर. तो ट्रे घेतला की सगळे बघतात. मग मी लायब्ररीत जाऊन बसते. तिथे कुणी नसतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"ट्रकच्या गिअरबॉक्सचा खर्च झाला, मग जळणाच्या लाकडांचा. कशाला सांगू? आणि भूक लागत नाही रे ग्रँपी. सवय झाली की नाही लागत."

लिनवुड उठला आणि चुंबक बाजूला करून त्याने मला खाली काढलं.

घरातील एकूण माणसे (तात्पुरती बाहेर असलेलीही मोजावीत)

लिहायला डार्सी बसली, कारण त्याचं अक्षर त्यालाच लागत नाही. तो चष्मा लावून वाचून दाखवत होता.

"तात्पुरती म्हणजे किती दिवस?" त्याने मध्येच थांबून विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"दोन वर्षं तात्पुरती होतात?"

डार्सीने पेन बोटांत फिरवलं. "होत असतील."

"मग तीन लिही."

तिने तीन लिहिले. तिसरी शेरिल. लिनवुडची एकुलती एक मुलगी, डार्सीची आई. दोन हिवाळ्यांपूर्वी ती दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरात हॉटेलच्या खोल्या साफ करायला गेली. आधी दर रविवारी फोन यायचा, मग महिनाअखेरीला. पुढे यांनी लावला तर एक अनोळखी बाई सांगायची की हा नंबर आता चालू नाही. शेरिलचे रबरी बूट अजून दाराशी आहेत. केर काढताना ते उचलतात आणि परत तिथेच ठेवतात.

प्रत्येकाची गेल्या महिन्यातील मिळकत (नसल्यास शून्य लिहावे, रकाना कोरा ठेवू नये)

गेला महिना ऑगस्ट होता. लिनवुडने ब्लूबेरीची कमाई शेवटच्या सेंटपर्यंत सांगितली.

"आता तुझी लिही."

"माझी कशाला?"

"तूही माळावर दंताळं मारलंस ना? तुझ्या बादल्यांचे पैसे मिळाले ना? मग लिही. खाली मला सही करायची आहे, सगळं खरं आहे म्हणून."

तिने लिहिलं. मग पेन तिसऱ्या ओळीवर आलं, शेरिलच्या नावापुढे, आणि तिथेच थांबलं. पेनाचं टोक कागदाला टेकलं की त्याचा भार मला कळतो. हा भार बराच वेळ तसाच राहिला.

"शून्य लिहू?" डार्सीने विचारलं.

"नको."

"मग काय लिहू?"

"राहू दे तसंच."

फक्त कार्यालयासाठी (येथे कोणी काही लिहू नये)

शाळेचं स्वयंपाकघर पर्ल थर्लो चालवते आणि आमचे गठ्ठेही तीच तपासते. लिनवुड आणि ती एका वर्गातली. तिने मला पिठाच्या हाताने उघडलं, दोनदा वाचलं आणि लिनवुडला बोलावून घेतलं. तो चिखलाचे बूट घालून दारातच उभा राहिला.

"आत ये."

"बूट आहेत."

"फरशी मी पुसत नाही. ये, बस." तिने मला टेबलावर पसरलं. "हे ऑगस्टचं काय लिहून ठेवलंस?"

"गेला महिना विचारलाय. गेला महिना ऑगस्टच होता."

"ऑगस्टमध्ये या गावात सगळेच राजे असतात लिनवुड. या आकड्यावर तूच मला जेवायला घातलं पाहिजेस. आणि पोरीचेही पैसे धरलेस? दहा वर्षांची आहे ती."

"कमावले तिने."

"कमावले, वर्षातून तीन आठवडे. दंताळंवाले दरवर्षी हाच घोळ घालतात. हंगामावर जगणाऱ्याने सगळ्या वर्षाचं सांगायचं असतं. मागच्या बाजूला छापलंय, बारीक अक्षरात."

"बारीक अक्षरातलं माझ्यासाठी नसतंच."

पर्ल हसली. तिने त्याला एकेक महिना विचारला आणि आकडा दुरुस्त करायला लावला. शिंपले खणण्यावर बंदी आली ते आठवडे, बर्फाचे महिने, सगळं धरल्यावर ऑगस्ट एवढासा होऊन गेला. मला वाटलं, झालं आपलं काम. पण तिचं बोट खाली सरकून कोऱ्या रकान्यावर थांबलं.

"इथे आकडा हवा. त्याशिवाय मला हा पुढे पाठवता येत नाही."

"मला आकडा माहीत नाही."

"शून्य घाल."

"शून्य कसं घालू? कुठेतरी राबत असेल ती. शेरिल हातावर हात धरून बसणारी नाही, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे ना. आठ वर्षं या खिडकीपाशी ट्रे धरून उभी राहिलेली पोर ती." पर्लने आवाज खाली आणला. "मी विचारणार नाही. कुणीच विचारणार नाही. एक शून्य घाल, पोरगी सोमवारी जेवेल."

"खाली सही माझी आहे, पर्ल."

"मग ती घरात राहत नाही असं कर. दोघंच. दोघांच्या हिशोबातही डार्सीला फुकट मिळतंय, मी पाहिलंय. तीन ठेवायचे तर आकडा दे, नाहीतर दोन कर. याहून वेगळं माझ्या हातात काही नाही."

आत भट्टीवर काहीतरी उकळत होतं. लिनवुडने मला उचललं आणि माझ्या जुन्याच घड्यांवर घडी घातली.

"घरी नेतो. हे एकट्याने लिहायचं नाही मला."

"आज शुक्रवार आहे लिनवुड."

"सोमवारी सकाळी आणतो." दारातून वळून त्याने विचारलं, "वर्षाच्या मध्ये माणूस परत आलं तर?"

"तर नवा भरायचा. कधीही."

दुरुस्ती (खाडाखोड असल्यास शेजारी आद्याक्षरे करावीत)

शनिवारभर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होतो. त्यांनी माझ्या शेजारी ताटं ठेवून बीन्स खाल्ले. मला कुणी हात लावला नाही. रविवारी दुपारी डार्सीने मला स्वतःकडे ओढलं.

"पर्ल काय म्हणाली?"

त्याने सगळं सांगितलं, काहीही गाळलं नाही.

"म्हणजे दोन केले की मला जेवण मिळणार."

"हो."

"आणि तीन ठेवले तर नाही."

"आकडा नाही आपल्याकडे."

डार्सी माझ्यावरच्या तिच्याच अक्षरांवरून बोट फिरवत होती. "मला वाटलं तुला तीन हवेत. म्हणून मी लिहिले."

लिनवुडने चष्मा काढला. "मला वाटलं तुला हवेत."

मित्रांनो, माझ्या अंगावर तेव्हा दोन माणसांची नजर होती, आणि तरी मला इतकं एकटं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. दोघं एकमेकांसाठी जिला सांभाळत होते, ती माझ्या तिसऱ्या ओळीत होती. मी त्यांच्या समोरच टेबलावर होतो आणि मला काही करता येत नव्हतं.

"तिला कळेल का?" डार्सीने विचारलं.

"कागदाचं? नाही. हा शाळेबाहेर जात नाही."

"आणि आली तर?"

"आली तर नवा भरू. हे एका वर्षापुरतं आहे. मी विचारून घेतलंय."

लिनवुडने फूटपट्टी घेतली. नाव गिरगटून खोडता आलं असतं, लोक तसंच करतात. त्याने एकच रेघ मारली, बारीक आणि हलकी, खालची अक्षरं वाचता येतील अशी. तीनचे दोन केले. शेजारी स्वतःची आद्याक्षरं केली. मग डार्सीने पेन मागितलं.

"मुलांची सही लागत नाही यावर."

"न लागू दे," ती म्हणाली आणि तिने त्याच्या अक्षरांना खेटून आपली दोन अक्षरं काढली.

सोमवारी शाळा उघडायच्या आधी तो मला घेऊन गेला. पर्लने रेघ पाहिली, शेजारची चार अक्षरं पाहिली, आणि मंजुरीचा शिक्का मारला. दुपारी डार्सीला तिकीट मिळालं ते सगळ्यांसारखंच होतं. कुणाचं फुकटचं ते फक्त पर्लला माहीत असतं आणि ती ते कधी बोलत नाही.

जतन

तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी खणात आहे. आम्ही सगळे इथे अंगाला अंग लावून पडलेले असतो, पण एकमेकांचं एक अक्षर आम्हाला वाचता येत नाही, कारण प्रत्येकजण घडी घालून ठेवलेला. रोज पावणेबाराला पलीकडे ट्रे वाजायला लागतात. त्यांतला एक डार्सीचा असतो. कुठला ते मला कधीच ओळखता आलं नाही. मी सगळेच मोजतो.

पुढच्या सप्टेंबरात त्या घरून नवा अर्ज आला. या वेळी पांढऱ्या कागदावर. पर्लने पडताळून बघायला मला बाहेर काढलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं. त्यावर दोन नावं होती, वर्षाची मिळकत नीट लिहिलेली, एकही खाडाखोड नाही. शेरिलचं नाव कुठेच नव्हतं. पर्लने तो वरच्या खणात ठेवला आणि मला परत खाली. त्याच्या स्वच्छपणाचा मला हेवा वाटला नाही. ती तिघं एकाखाली एक अशी माझ्यावरच आहेत, रेघेसकट.

आम्हाला तीन वर्षं सांभाळायचं आणि मग कापून पट्ट्या करायच्या, असा नियम आहे. माझी तीन वर्षं या सप्टेंबरात भरतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला एवढंच सांगायचंय. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कागद आला तर त्याला फ्रिजवर एकोणीस दिवस ठेवू नका. लाज वाटली तर वाटू द्या, पण त्याच संध्याकाळी भरा, कारण तेवढे दिवस कुणीतरी लायब्ररीत बसून असतं. ज्या ओळीवर हात अडेल ती एकट्याने भरू नका. घरातल्या लहानाला शेजारी घ्या, त्याला बहुतेक आधीच माहीत असतं. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणाच्या हाती आमचे गठ्ठे आले, आणि त्यांत एखादा रकाना कोरा दिसला, तर तो भरायचा राहून गेला असं समजू नका. तिथे कुणीतरी पेन टेकवून बराच वेळ बसलेलं असतं.