इथे बाप गरोदर राहतो

मत्स्यालयात सगळे तिला टाकीबाई म्हणत. बावीस वर्षं तिने तिथल्या एकोणीस टाक्या घासल्या होत्या. शिडीवर चढून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालायचा, काचेवरचं शेवाळ खरवडायचं, पाण्याचा खारेपणा मोजायचा, आणि शाळांच्या सहली आल्या की मुलांना घेऊन हिंडायचं, ही तिची कामं. शिक्षण सातवीपर्यंतच, पण समुद्रातल्या जीवांबद्दल कुणी चुकीचं बोललेलं तिला खपत नसे.

"तारामासा हा मासा नाही," ती मुलांना दटावून सांगे. "त्याला ना मेंदू, ना रक्त. अंगात समुद्राचंच पाणी खेळतं. तरी शिंपला फाकवून आतलं मटकावतो. डोक्यावाचून कामं होतात, हे आमच्या कार्यालयात जाऊन बघा हवं तर."

मुलं खिदळत, आणि हे वाक्य संध्याकाळच्या आत कार्यालयात पोचलेलं असे.

भांडण पेटलं ते सातव्या टाकीवरून. त्या टाकीत समुद्रघोडे होते आणि टाकीवर तिने स्वतः रंगवलेली पत्र्याची पाटी होती: 'पोट फुगलंय तो बाप. इथे बाप गरोदर राहतो.' लोक पाटी वाचून थबकत, काचेला नाक लावत, पुन्हा पाटी वाचत. एका गृहस्थांना मात्र ती झोंबली. त्यांनी तक्रारवहीत पानभर लिहिलं की बायकामुलांसोबत असला अचकटविचकट मजकूर वाचण्याची वेळ आली.

अधीक्षक साहेब महिन्याभरापूर्वीच रुजू झाले होते. त्यांनी टाकीबाईला बोलावून घेतलं.

"ती पाटी उतरवा. 'आई पिल्लांना जन्म देते' असं लिहा. विषय संपला."

"पण आई देत नाही ना, साहेब."

"म्हणजे?"

"मादी अंडी घालते ती नराच्या पोटावरच्या पिशवीत. घातली की ती मोकळी. पुढचे दोन-तीन आठवडे तोच पोसतो, तोच वागवतो. वेणा येतात त्याही त्यालाच."

'वेणा' शब्द ऐकताच साहेबांनी उठून दार लोटलं. "असेल खरं. पण बरं दिसत नाही."

"ते त्या घोड्यांना सांगा. मी खोटं लिहायची नाही."

दुसऱ्या दिवशी पाटी गायब होती आणि टाकीबाईच्या हातात कागद होता. लेखी माफी देईपर्यंत तिने तळघरातल्या पंपांवर बसायचं, टाक्यांकडे फिरकायचं नाही. तळघरात चार पंप अष्टौप्रहर घरघरत. दर अर्ध्या तासाने काट्यावरचा आकडा वहीत लिहायचा, एवढंच काम. माणूस दिसायचं नाही आणि दिसलंच तर त्याचं बोलणं ऐकू यायचं नाही.

घरी तिने कागद नवऱ्यापुढे टाकला. नवरा शिंपी होता. खोलीतच मशीन, खोलीतच गिऱ्हाईक. लेक तीन महिन्यांची असताना टाकीबाईला ही नोकरी लागली, तेव्हापासून मूल त्यानेच वाढवलं होतं. एक पाय मशीनच्या पायट्यावर, दुसऱ्या पायाला पाळण्याची दोरी. गल्लीतले लोक त्याला 'मावशी' म्हणून हाका मारायचे. त्याने कधी उलट उत्तर दिलं नाही, पण त्या वर्षांत तो कुणाच्या लग्नाकार्यालाही गेला नाही.

"देऊन टाक की माफी," तो कागद वाचून म्हणाला. "दोन ओळी तर खरडायच्या. एका पाटीपायी त्या तळघरात बहिरी होशील."

"तुम्हाला लोक मावशी म्हणायचे, तेव्हा मी गप्प बसले," ती म्हणाली. "नवी नोकरी, तान्हं मूल, गिळलं सगळं. आता नाही गिळवत."

शिंप्याने चष्मा काढला, उगाचच पुसला. मग म्हणाला, "कानात घालायला कापसाचे बोळे करून देतो."

ती रोज कानात बोळे घालून तळघरात बसू लागली. दर सोमवारी साहेबांचा शिपाई माफीचा तयार कागद घेऊन येई आणि दर सोमवारी ती त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पंपांचे आकडे लिही.

सहाव्या आठवड्यात, मत्स्यालय उघडण्याच्या आधी, नवी पाटी लिहायला एक रंगारी आला. पाणी भरायला तळघरात उतरला तेव्हा त्याच्या हातातला मजकूर तिने वाचला आणि कानातले बोळे काढून पंपांच्या घरघरीवर ओरडून विचारलं,

"हे लिहिणार तुम्ही?"

"दिलंय ते लिहायचं, बाई. मला घोड्यांतलं काय कळतं?"

"मग लिहिण्याआधी थोडा वेळ टाकीसमोर बसा. मोठ्या पोटाचा एक आहे, शेपटीने गवताला धरून असतो. मी खाली आले तेव्हा जोडीजोडीने त्यांचं नाचणं सुरू होतं. दिवस मोजले तर त्याची एक खेप होऊन गेली असणार, दुसरीचे भरत आलेत."

रंगारी हसत वर गेला. तासाभराने जिना धडधडत खाली आला.

"अहो बाई, तो वाकतोय काय, कळा देतोय काय! पोटातून नुसता धूर निघावा तशी पिल्लं! एवढीएवढीशी, पण नाक-शेपटीसकट घोडेच! शंभर मोजली, मग सोडून दिलं."

"आणि पाटी?"

"आता कसली पाटी! डोळ्यांनी बघितलंय मी." तो डबे-कुंचले उचलून निघून गेला, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला.

पाटीविना टाकी तशीच राहिली. पण रंगाऱ्याच्या तोंडून ऐकलेले लोक येऊन विचारू लागले, आणि टाकीबाई जेवणाच्या सुट्टीत वर येऊन उत्तरं देऊ लागली. साहेब धावत आले.

"तुम्हाला मनाई आहे!"

"कामाच्या वेळेत आहे. ही माझी सुट्टी. भाकरी खायची की बोलायचं, ते मी ठरवीन."

शेवटी प्रकरण व्यवस्थापन समितीपुढे गेलं. तिघेजण लांब टेबलामागे बसले होते. मधल्या अध्यक्षीणबाईंनी सगळे कागद शांतपणे वाचले आणि साहेबांना एकच विचारलं, "पाटीवरचा मजकूर खरा आहे की खोटा?"

"खरा आहे, पण लोकांना..."

"मी लोकांचं विचारलं नाही."

समितीने पाटी परत लावायचं ठरवलं. टाकीबाई टाक्यांवर परतणार होती. मात्र वरिष्ठांचा आदेश मोडल्याबद्दल तिच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवायची आणि तिने खाली सही करायची, असंही ठरलं.

"ताकीद कबूल आहे," टाकीबाई म्हणाली. "आदेश मी मोडलाच."

तिने सही केली. मग पेन न ठेवता सहीखाली, समितीच्या देखत, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'पुन्हा असा आदेश आला तर पुन्हा मोडीन.'

"अहो, असं लिहिता येत नाही," कारकून पुटपुटला.

"लिहून झालं," ती म्हणाली आणि बारीक कोळंबीचं भांडं उचलून सातव्या टाकीकडे निघाली. समुद्रघोड्यांना जठर नसतं. त्यांना थोड्याथोड्या वेळाने खायला लागतं, आणि सभेपायी उशीर झाला होता.